कच्च्या रंगाची वकिली

(इचलकरंजीतल्या एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवला आहे.)

अध्यक्ष, संयोजक आणि मंडळी, नमस्कार.

कापड बोटांत चुरगाळून त्याचं सूत, सायझिंगची खळ आणि बहुधा ते कोणाच्या शेडमधलं हेही सांगणारी माणसं ज्या गावात राहतात, तिथे कापडावर बोलायला मी उभा आहे. माझा जन्म गेला जिवाणू वाढवण्यात. तेव्हा मागाबद्दल काही चुकीचं बोललो तर जागच्या जागी टोका. जिवाणूंबद्दल चुकीचं बोललो, तर मात्र नंतर बाजूला घेऊन सांगा. (हशा)

पत्रिकेत विषय छापलाय ‘जिवाणूंचे रंग आणि दवाखान्याचं कापड’. खरं तर मी कच्च्या रंगाची वकिली करायला आलोय. हो, कच्च्याच. धुतला की जाणाऱ्या. रंग उतरला म्हणून ज्यांचा लॉट परत आलाय, ते माझ्याकडे कसे बघतायत ते इथून दिसतंय मला. जरा दम धरा, मुद्द्यावर येतो. आधी त्या रंगाची ओळख करून देतो.

पावसाळ्यात तुमच्या मोरीत, नळाखाली, बादलीच्या बुडाशी एक गुलाबी बुळबुळीत थर धरतो. कोणाकोणाकडे धरतो? लाजू नका, माझ्याकडेही धरतो, आणि घरातलं माणूस मला म्हणतं, ‘तुमचे पाहुणे आलेत, तुम्हीच घासा.’ हे पाहुणे पुष्कळदा सेराशिया मार्सेसेन्स नावाचे जिवाणू असतात. ते जो लाल रंग बनवतात त्याला प्रोडिजिओसिन म्हणतात. आजच्या भाषणाचा नायक तोच.

काय म्हणालात? लोणार? बरं झालं विचारलंत, नाहीतर शेवटी विचारलं असतंत आणि अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं असतं. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, त्याचे नमुने पुण्याला आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले. ते आपले हे पाहुणे नव्हेत. ते मिठागरात राहणारे हॅलोआर्किया, जिवाणूंपेक्षा वेगळंच घराणं. त्यांचा गुलाबी रंग गाजर-टोमॅटोच्या रंगाच्या नात्यातला. खारटपणा वाढला, पाणी आटलं आणि ते माजले. रंग सुंदर आहे, पण माझा आजचा आरोपी तो नाही.

तर सेराशिया. याची गोष्ट मी प्रत्येक व्याख्यानात सांगतो, आणि ती लांबते म्हणून माझे विद्यार्थी दर वेळी पैज लावतात. लावू देत.

१८१९ चा उन्हाळा. इटलीत पादुआजवळ लेन्यारो नावाचं खेडं. तिथल्या शेतकऱ्यांचं रोजचं जेवण म्हणजे पोलेंता, मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. अँटोनियो पितारेल्लो नावाच्या शेतकऱ्याच्या घरी रात्रीच्या उरलेल्या पोलेंतावर सकाळी लाल ठिपके. रक्तासारखे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग शेजारच्या घरांत. तो उन्हाळा उबदार आणि दमट होता, म्हणजे जिवाणूंना हवा तसाच. पण हे गावकऱ्यांना कोण सांगणार? अन्नातून रक्त निघतंय म्हणजे त्या घराने काहीतरी पाप केलंय, असं गाव बोलू लागलं. धर्मगुरूला बोलावून मंत्रपाणी झालं. पितारेल्लोच्या घरातल्यांनी गावात तोंड कसं दाखवलं असेल, कल्पना करा. आपल्याकडे अजूनही देवाच्या मूर्तीला घाम आला की रांगा लागतात, तेव्हा इटलीला हसायचं काही कारण नाही.

प्रकरण इतकं तापलं की सरकारला चौकशी लावावी लागली. व्हिन्चेन्झो सेत्ते नावाच्या डॉक्टरकडे काम आलं. त्याने काय करावं? त्याने तो लाल डाग घेतला आणि धर्मगुरूच्याच घरात, ताज्या पोलेंतावर, मुद्दाम वाढवून दाखवला. पाप्याच्या घरात जे उगवतं ते पाद्रीबाबांच्याही घरात उगवतं! वाद मिटवण्याची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. त्याच वेळी बार्तोलोमेओ बिझिओ नावाचा एक तरुण औषधशास्त्रज्ञ स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचला, की हा एक सूक्ष्म जीव आहे. दोघांनाही ती बुरशी वाटली. ते साल १८१९ आहे, पाश्चर अजून जन्मायचा होता, त्यामुळे एवढं चालायचंच. नाव टिकलं ते बिझिओचं. त्याने जिवाणूला सेराती नावाच्या आपल्या देशबंधूचं नाव दिलं, कारण त्याच्या मते आगबोटीचा शोध सेरातीने लावला होता आणि श्रेय दुसऱ्यांनी लाटलं होतं. म्हणजे तुमच्या मोरीतला गुलाबी थर हे एका आगबोटवाल्याचं स्मारक आहे. (हशा) आणि आडनाव मार्सेसेन्स, कारण हा रंग लवकर कोमेजतो हे त्याने तेव्हाच टिपलं होतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा. २०० वर्षांपूर्वी पहिल्याच माणसाने लिहून ठेवलंय की रंग कच्चा आहे. आमचे संशोधक आज तेच नव्याने शोधतात आणि पेपर लिहितात.

याच्याही मागे जाता येतं. १२६३ मध्ये बोल्सेना गावी प्रसादाच्या पोळीवर रक्त दिसलं म्हणून मोठा चमत्कार गाजला, पुढे राफाएलने व्हॅटिकनच्या भिंतीवर त्याचं चित्र काढलं. ते सेराशियाच असावेत असं पुष्कळांना वाटतं. मी त्यात पडत नाही, ज्याचा चमत्कार त्याला लखलाभ.

पुढची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण आपला विषय दवाखान्याचा आहे. रंग लाल, वसाहत चटकन ओळखता येते, मोजता येते, आणि हे जिवाणू निरुपद्रवी आहेत अशी तेव्हाची समजूत. म्हणून १९५० च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या नौदलाने सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावरून हेच जिवाणू हवेत फवारले. जंतुयुद्धात शहरावर हल्ला झाला तर जंतू कुठवर पोचतील, हे बघायला. स्वतःच्याच शहरावर! लोकांना न सांगता! थोड्याच दिवसांत तिथल्या एका रुग्णालयात ११ जणांना सेराशियाचा संसर्ग झाला, एक जण दगावला. फवारणीची बातमी फुटली ती १९७६ मध्ये. नातेवाईक कोर्टात गेले, संबंध सिद्ध झाला नाही असं म्हणून खटला निकालात निघाला. तो संबंध असो वा नसो, सेराशिया निरुपद्रवी नाहीत हे आता पक्कं ठाऊक आहे. धडधाकट माणसाला ते काही करत नाहीत. पण अतिदक्षता विभागातला रुग्ण, लघवीची नळी घातलेला म्हातारा, काचेच्या पेटीतलं बाळ, यांना ते सोडत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, मग याचा रंग दवाखान्यात न्यायचा म्हणजे काय डोकं ठिकाणावर आहे का? शंका रास्त आहे. जिवाणू वेगळा आणि त्याने बनवलेला रंग वेगळा. रंग अल्कोहोलमध्ये उतरतो, जिवाणू मरतात, मागे राहतो रेणू. शिवाय हाच रेणू दुसरेही जिवाणू बनवतात. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात २००८ मध्ये ज्यांनी या रंगाने लोकर, रेशीम, नायलॉन आणि ॲक्रिलिक रंगवून त्यांची जंतुनाशक शक्ती तपासली, त्यांनी समुद्रतळाच्या गाळातला व्हिब्रिओ नावाचा जिवाणू घेतला होता. आता तर रंग बनवण्याची जनुकं गरीब स्वभावाच्या जिवाणूंत घालता येतात. कारखाना काढायचा तर सेराशियावर काढू नका, एवढं माझं ऐका.

रंगाचा आणि औषधाचा संबंध काय, हे तुमच्या वयाच्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही. गुडघा फुटला की लाल औषध. तोंड आलं की जांभळं औषध. डबक्यात पडून आलं की पिवळं औषध. मर्क्युरोक्रोम, जेन्शन व्हायोलेट, ॲक्रिफ्लेविन, तिन्ही रंगच. आणि त्यातही मोठी गोष्ट प्रोंटोसिलची. जर्मनीत रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेरहार्ड डोमाक एकामागून एक रंग उंदरांवर तपासत होता. १९३२ च्या अखेरीस एका लाल ॲझो रंगाने, म्हणजे याच प्रोंटोसिलने, स्ट्रेप्टोकोकस जिवाणू टोचलेले उंदीर वाचले. पुढे त्याच्याच मुलीच्या हातात सुई घुसून हात सडायला लागला, डॉक्टर हात कापायचं बोलायला लागले, तेव्हा बापाने तेच औषध दिलं आणि हात वाचला. १९३९ चं नोबेल त्याला जाहीर झालं.

पण पुढचा भाग लोक सांगत नाहीत. १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या मंडळींनी दाखवलं, की शरीरात गेल्यावर त्या लाल रेणूचे दोन तुकडे होतात, आणि औषध असतो तो बिनरंगाचा तुकडा. सल्फानिलामाइड. लाल रंगाचा काही संबंधच नव्हता! आणि तो बिनरंगाचा तुकडा व्हिएन्नात १९०८ मध्येच कोणीतरी बनवून ठेवला होता, म्हणजे आपल्या गावात विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला त्यानंतर चारच वर्षांनी. पेटंट कधीच संपलेलं. रंगवाल्या कंपनीचे चेहरे कसे झाले असतील बघा.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगत असतो, रंग दिसतोय म्हणजे औषध आहे असं समजू नका. प्रोडिजिओसिनच्या बाबतीत आपलं नशीब असं, की तिथे रंग धरणारा रेणूच स्टॅफिलोकोकससारख्या जिवाणूंना मारक आहे. व्हायोलासिन या जिवाणूंच्याच दुसऱ्या, जांभळ्या रंगाचंही तसंच.

व्हायोलासिनची एक छोटी गोष्ट, ती तुमच्या धंद्याची आहे. जपानमध्ये त्सुकुबाच्या रेशीम संशोधन संस्थेत ओल्या रेशीमधाग्यावर निळसर जांभळे डाग पडले. इथे कोणाच्या शेडमध्ये धाग्यावर डाग पडले तर आपण काय करतो? आधी कामगाराला बोलतो, मग सूतवाल्याला. त्यांनी डागातला जिवाणू वेगळा काढला. तो जँथिनोबॅक्टेरियम निघाला. २००० मध्ये त्यांनी छापलं, की या जिवाणूच्या रंगाने रेशीम, लोकर, सुती कापड, नायलॉन रंगवता येतं. उन्हात फिका पडतो हेही प्रामाणिकपणे लिहिलं. अमेरिकेत सॅलॅमँडर नावाच्या ओलसर कातडीच्या प्राण्यांच्या अंगावर हाच जिवाणू राहतो आणि या जांभळ्या रंगाच्या जोरावर त्यांना एका जीवघेण्या बुरशीपासून वाचवतो. म्हणजे निसर्गाने कातडीवरचं संरक्षक कापड आधीच विणलंय, आपण फक्त उशिरा पोचलोय.

आणि हो, जिवाणू आणि रंगकाम हे काही लंडन-केंब्रिजचं नवं फॅड नाही. निळीचा पिंप आठवा. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिची विरघळणारी फिकट अवस्था करण्यासाठी दक्षिणेतले रंगारी पिंपात चुना घालायचे आणि टाकळ्याचं बी उकडून घालायचे. पावसाळ्यात आपण भाजी करतो तोच टाकळा. ते आंबायचं आणि आतले जिवाणू निळीचं काम करून द्यायचे. रंगाऱ्याला जिवाणू ठाऊक नव्हता, पण पिंपाचा वास घेऊन तो सांगायचा, आज बसेल, आज बसणार नाही. ती माणसं गेली, आणि आता परदेशातल्या कंपन्या ‘जिवंत रंगकाम’ म्हणून नव्या वेष्टनात तेच विकतात. केंब्रिजहून निघालेल्या कलरिफिक्सची रीत मात्र खरंच हुशारीची आहे. ते रंग वेगळा काढतच नाहीत. जिवाणूसकट द्रावण कापडावर घेतात, गरम करतात, पेशी फुटते आणि रंग धाग्यात जातो. अल्कोहोल-ॲसिटोनचा खर्च वाचतो. प्रयोगशाळेतला रंग गिरणीत नेताना सगळं अडतं ते तिथेच.

आता या पिशव्या जरा फिरवा. पुढून मागे जाऊ द्या, उघडू नका. घाबरायचं काही नाही, आत जिवंत काही नाही. पहिल्या पिशवीतली नायलॉनची चिंधी बघा. लाल, किंचित किरमिजीकडे झुकणारी. तीच शेजारच्या सुती चिंधीवर बघा. गुलाबी, तीही डागाडागांची. हा रेणू पाण्याशी फटकून वागतो, त्याला नायलॉन, पॉलिएस्टर, ॲक्रिलिक मानवतं. सुतावर बसवायचा तर हिरडा, तुरटी असलं काहीतरी मध्ये घालावं लागतं. आता इकडे या बशीत बघा. लाल नायलॉन ठेवलंय. यावर धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकतो, दोन थेंब... दिसतंय का मागे? पिवळं झालं. थेंबाच्या कडेला नारिंगी कड आहे, ती मधली अवस्था. आता त्याच जागी लिंबू पिळतो. फेसाळलं, तो सोडा. थांबा. आलं परत लाल. आम्लात लाल, अल्कलीत पिवळा.

तुम्ही लगेच ओळखलंत, साबण अल्कलीच असतो! म्हणजे पहिल्याच धुण्यात रंगछटा गेली. बरोबर. इथले डाईंगवाले मला पाच मिनिटांत दारात उभं करतील.

आणि इथे माझी एक जुनी कुरकुर आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एका मोठ्या रुग्णालयाने चादरी खरेदी करायची म्हणून मला तज्ज्ञ म्हणून बसवलं होतं. नाव सांगत नाही, चहा चांगला दिला होता. विक्रेते आले. सूटबूट, स्लाइड. स्लाइडवर पेट्री डिशचा फोटो, मध्ये त्यांच्या कापडाची गोल चकती, भोवती स्वच्छ रिकामं कडं, पलीकडे दाट जिवाणू. पुढच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत: ५० धुण्यांनंतरही परिणाम कायम. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, साहेब, या दोन स्लाइडपैकी एक खोटी आहे, कुठली ते तुम्ही सांगा.

ते म्हणाले, सर, दोन्ही आमच्या लॅबच्या आहेत.

मी म्हटलं, चकतीभोवती जिवाणू मेले, म्हणजे औषध चकतीतून सुटून आगरमध्ये, म्हणजे बशीतल्या जिवाणू वाढवायच्या जेलीत, पसरलं. पसरलं नसतं तर कडं दिसलंच नसतं, चकतीखालचेच काय ते मेले असते. जे ओल्या आगरमध्ये एका रात्रीत एवढं सुटतं, ते गरम पाण्यात, साबणात, धोबीयंत्रात ५० वेळा घुसळल्यावर मागे राहील कसं? अमेरिकेत रुग्णालयाचं कापड ७१ अंशांना २५ मिनिटं धुवायला सांगतात, वर ब्लीच. आपल्याकडे कुठे ब्लीच जास्त, कुठे नुसतंच गार पाणी, पण आपटणं आणि घासणं तेवढंच. ते म्हणाले, सर, पाकिटावर जंतूरोधकचा स्टिकर आहे. मी म्हटलं, स्टिकर धुतला जात नाही ना! (हशा) समितीच्या अध्यक्षांनी मला आणखी एक चहा सांगितला. चादरी तीच आली.

मला राग विक्रेत्याचा नाही. त्याचं पोट आहे. राग आहे तो या क्षेत्रातल्या लिखाणाचा. जिवाणूंच्या रंगावरचे पेपर काढून वाचा. पहिल्या भागात चकती आणि कडं, आणि लगेच खाली वाक्य, की या रंगाने रंगवलेलं कापड रुग्णालयासाठी टिकाऊ पर्याय ठरेल. मधलं धुणं कुठे गेलं? काही जण धुतात, नाही असं नाही, आणि मग तक्त्यात प्रामाणिक आकडा येतो, आणि निष्कर्षात तो गायब होतो. अरे बाबांनो, धुलाईच्या कसोटीला जाऊन या, रंग किती उतरला ते मोजायच्या करड्या पट्टीवर ५ पैकी किती गुण आले ते...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. दहा? बरं, आठ म्हणू या, कारण चिठ्ठी वाचण्यात दोन गेली.

म्हणजे ज्यासाठी मला बोलावलं ते आता घाईत सांगायचं. ऐका.

रंगाऱ्याला रंग धाग्यात राहायला हवा असतो. डॉक्टरला औषध धाग्यातून बाहेर यायला हवं असतं. इथे रंग आणि औषध एकच रेणू आहे. मग दोघांचं एकदम कसं होणार? जितका रंग पक्का, तितकं औषध कोंडलेलं. औषध जितकं मोकळं, तितका रंग कच्चा. जंतू मारायला कापडात घालतात त्या चांदीचं, धाग्याला साखळदंडाने बांधलेल्या रसायनांचं गणित निराळं असतं, त्यात मी शिरत नाही. या रंगांपुरतं बोलतोय. धुवायच्या कापडात यांना पक्कं करायचा हट्ट म्हणजे त्यांचा गुण मारून दोष झाकायचा हट्ट. चादर, पडदा, परिचारिकेचा गणवेश, शस्त्रक्रियेचा झगा, यांतून जिवाणूंचा रंग काढून टाका. तिथे रंगाचं काम वेगळं आहे. १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हॅरी शर्मनने शस्त्रक्रियेच्या खोलीत पांढऱ्याऐवजी हिरवं आणलं, ते लाल रक्ताकडे बघून शिणलेल्या डोळ्यांसाठी. काही दवाखान्यांत वारानुसार चादरीचा रंग ठरलेला असतो, चादर बदलली की नाही ते लांबून कळावं म्हणून. तिथे पक्काच रंग हवा, आणि तो तुमचे प्रोसेसवाले उत्तम देतात.

मग कच्चा रंग कुठे? जे कापड एकदाच वापरून फेकायचं, जे कधी धुतलं जात नाही, जे उन्हात वाळत पडत नाही, तिथे. जखमेवरची पट्टी. बोटाला गुंडाळायचा बँडेज. प्लास्टरखालचं अस्तर. मास्कचा मधला थर. यात धुणं नाही, ऊन नाही. म्हणजे बिझिओपासून चालत आलेले दोन्ही दोष तिथे लागूच होत नाहीत. आणि जो तिसरा दोष तुम्ही आत्ता बशीत पाहिलात, रंगछटा पालटण्याचा, तो तिथे कामाला येतो. निरोगी कातडी आम्लधर्मी असते, सामू, म्हणजे पीएच, साधारण ४ ते ६. चिघळलेली, जुनाट जखम बहुधा ७ च्या वर, अल्कलीकडे सरकते. पट्टी न उघडता, वरून रंग बघून, आत बिघडतंय का याचा अंदाज येऊ शकतो. मधुमेही म्हाताऱ्याच्या पायाची पट्टी रोज सोडून बघणं त्यालाही नको असतं आणि बघणाऱ्यालाही. नेमक्या त्या सामूला, नेमक्या त्या धाग्यावर रंग पालटेल असं बसवणं हे काम बाकी आहे. ते करण्यासारखं आहे.

एक अडचण मोठी आहे, ती लपवत नाही. हे रंग जिवाणू मारतात, पण माणसाच्या पेशींनाही गोंजारत नाहीत. प्रोडिजिओसिनच्या घराण्यातला एक कृत्रिम रेणू, ओबाटोक्लॅक्स, कॅन्सरवर माणसांत तपासला गेलाय, म्हणजे पेशी मारण्याची ताकद किती ते समजा. जखम भरताना नवी कातडी धरत असते. तिच्यावर हा रंग थेट ठेवायचा नाही. रंगीत थर वर, मध्ये साधा थर, खाली जखम. किती रेणू खाली उतरतात ते मोजायचं, आणि तो आकडा आधी, चकतीभोवतीचं कडं नंतर. हा क्रम पाळला तरी निम्मे पेपर कमी होतील. चांगलंच आहे.

धागा कुठला? नायलॉन. अथेन्स आणि बेलग्रेडच्या लोकांनी २०१८ मध्ये नायलॉनची कापडं व्हायोलासिनने रंगवली. रंग आधी वेगळा काढायचा आणि मग कापड बुडवायचं हा घोळ टाळून, जिवाणू वाढत असलेल्या द्रावणातच कापड घालता येतं हेही त्यांनी दाखवलं. कँडिडा या बुरशीवर परिणाम दिसला.

खाणं कुठलं द्यायचं? जिवाणूंना हो, तुम्हाला चहा आहे. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातल्या गटाने २००४ मध्ये नेहमीच्या महागड्या माध्यमाऐवजी शेंगदाण्याची पूड पाण्यात कालवून सेराशियाला दिली, आणि रंग कित्येक पटींनी वाढला. शेंगदाण्यातली स्निग्धाम्लं त्याला मानवतात. आपल्याकडे शेंगदाण्याची पेंड आहे, साखर कारखान्यांची मळी आहे. फक्त तापमान सांभाळा: २८ ते ३० अंश. इन्क्युबेटर सवयीने ३७ वर ठेवलात तर तेच जिवाणू पांढरेफटक वाढतील, आणि तुम्ही मला फोन करून सांगाल की सर, तुमचे पाहुणे फसवे निघाले.

पर्यावरणाचं बोलायचं राहिलं. माफ करा. दोन वाक्यांत: खनिज तेलाऐवजी पेंड-मळी, हे चांगलं. पण रंग काढायला पिंपभर द्रावक वापरून ते गटारात सोडलं, तर पंचगंगेला त्याचं काय कौतुक? जिवाणूचा आहे म्हणून सांडपाणी आपोआप शुद्ध होत नाही. द्रावक परत मिळवा, नाहीतर द्रावक लागणारच नाही अशी रीत घ्या. तीन वाक्यं झाली. चार.

अध्यक्ष उठलेत, तेव्हा मागणं सांगतो आणि बसतो. आमच्याकडे दोन होतकरू पोरं या पट्टीवर काम करतायत. त्यांना नायलॉनचं ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड लागतं, आणि बाजारात मिळतं ते सगळं फिनिश मारलेलं. इथे ज्यांच्या शेडमध्ये नायलॉन चालतं, त्यांनी कडेच्या चिंध्या फेकू नयेत, पिशवीत भरून संयोजकांकडे द्याव्यात. सॉफ्टनर किंवा सिलिकॉन लागलेलं नको, त्यावर रंग घरंगळतो. आणि पिशवीवर डेनियर, म्हणजे धाग्याची जाडी, लिहा, नाहीतर पोरं मला विचारतात आणि मला ते बोटांनी ओळखता येत नाही.